पिंजऱ्यात जन्मलेला जीव रानात परत जातो तेव्हा: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या शाळांत, ग्रामसभांत, बचत गटांच्या बैठकांत मी रानातल्या लहान प्राण्यांबद्दल बोलायला जाते. माझं बोलणं संपलं की प्रश्न सुरू होतात, आणि खरी बैठक तिथूनच रंगते. परत परत विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती दोन वाक्यांत सांगितली तर ऐकणाऱ्याची फसवणूक होईल.

आमच्या डोंगरात पूर्वी खवले मांजर दिसायचं. आता दिसत नाही. प्राणिसंग्रहालयातून आणून सोडता येणार नाही का?

हा प्रश्न मला प्रत्येक तालुक्यात विचारला गेला आहे. त्यावर माझा उलट प्रश्न असतो: ते गेलं कशामुळे?

कुणी म्हणतं फासक्या वाढल्या. कुणी दबक्या आवाजात सांगतं, अमक्या वर्षी खवल्यांना गिऱ्हाईक आलं होतं. कुणी सांगतं, सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं माळरान, जेसीबीने सपाट झाला, वारुळं गेली, तिथे आता काजूची नाहीतर रबराची लागवड आहे. कुणी वणव्याचं नाव घेतं. ही कारणं जागच्या जागी असतील, तर बाहेरून आणलेलं जनावर त्याच फासकीत अडकणार. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ मध्ये प्राणी पुन्हा रानात सोडण्याबद्दल सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभाही हाच आहे: प्राणी ज्यामुळे संपला ते कारण आधी शोधा, ते दूर करा, मग सोडण्याचं बोला.

दुसरी गोष्ट. दिसत नाही म्हणजे नाही, असं खवले मांजराच्या बाबतीत म्हणता येत नाही. ते रात्री बाहेर पडतं, दिवसभर खोल बिळात असतं, आणि माणसाची चाहूल लागली तर अंगाचं वेटोळं करून गप्प बसतं. गावातल्या आजोबांना ते दिसायचं, कारण ते रात्री कंदील घेऊन पायवाटेने जायचे; आपण दुचाकीने जातो. तेव्हा आधी उकरलेली वारुळं आणि ताजी बिळं बघायची, वनखात्याशी बोलून कॅमेरा ट्रॅप लावायचा. बऱ्याच ठिकाणी जनावर अजून आहे, आणि जिथे ते आहे तिथे ते राखणं हे परत आणण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

मग प्राणिसंग्रहालयात पैदास करतात ती कशासाठी? बघायला गर्दी व्हावी म्हणून?

राणीच्या बागेत शाळेची सहल गेली होती, तेवढंच प्राणिसंग्रहालय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असतं, म्हणून हा प्रश्न साहजिक आहे. पण संवर्धनासाठीची पैदास वेगळी असते. ती बहुधा प्रेक्षकांपासून दूर, बंद आवारात चालते. तिथल्या प्राण्यांना माणसाची सवय लागू नये, हाच तर हेतू असतो.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. त्यांनी संवर्धन पैदाशीसाठी सत्तरच्या वर प्रजाती निवडल्या आणि कुठल्या प्राण्याची जबाबदारी कुठल्या संग्रहालयाने घ्यायची हे ठरवलं. रानातले संपत आले तर निदान बी शिल्लक राहावं, आणि रान पुन्हा तयार झालं की त्या बियाण्यातून पेरता यावं, हा त्यामागचा विचार. शेतकऱ्याला यापेक्षा जास्त समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या हंगामासाठी भाताचं बियाणं आपणही कणगीत राखत आलो आहोत.

असं करून एखादा प्राणी खरंच वाचला आहे का, की नुसत्या योजना?

वाचले आहेत. तीन सांगते.

पहिला आपल्याच देशातला. आसाममध्ये पिग्मी हॉग नावाचं बुटकं रानडुक्कर आहे. उंची जेमतेम २५ सेंटिमीटर, वजन सहा ते दहा किलो. म्हणजे आपल्या गुडघ्यालासुद्धा लागत नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या उंच गवतात ते राहतं आणि गवताचंच घरटं करतं. ते संपलं असंच लोक धरून चालले होते; १९७१ मध्ये ते पुन्हा सापडलं. १९९६ मध्ये मानसच्या जंगलातून सहा जनावरं पकडून गुवाहाटीजवळ बसिष्ठ इथे पैदास सुरू झाली. त्या सहांपासून कळप वाढला, आणि २००८ मध्ये पहिली सोळा डुकरं सोनाई-रूपाई अभयारण्यात सोडली. पुढे ओरांग, बरनदी, आणि शेवटी खुद्द मानस. ज्या रानातून सहा नेली होती तिथेच त्यांचे वंशज परतले, हे सांगताना मला दर वेळी बरं वाटतं.

यात कोकणाने ऐकण्यासारखी एक गोष्ट आहे. पिग्मी हॉग संपण्यामागे एक मोठं कारण होतं कोरड्या हंगामात गवताला लावली जाणारी आग. म्हणून तिथल्या लोकांनी डुकरं सोडण्याआधी आणि नंतरही गवताळ रानाच्या देखभालीवर काम केलं: आग कधी लावायची, कुठे मुळीच लावायची नाही. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात भाजावळीची, म्हणजे पेरणीआधी शेत भाजण्याची आग हाताबाहेर जाऊन अख्खा डोंगर काळा होतो, तेव्हा गवतात राहणाऱ्या लहान जिवांचं काय होत असेल याचा विचार आपण करतो का?

दुसरा अमेरिकेतला, काळ्या पायांचा फेरेट. साधारण मुंगसासारखा दिसणारा शिकारी प्राणी. तो नामशेष झाला असं १९७९ मध्ये मानलं गेलं. १९८१ मध्ये वायोमिंग राज्यात एका शेतावरच्या कुत्र्याने एक मेलेला फेरेट घरी आणून टाकला, आणि शोध घेतल्यावर तिथे एक लहानशी वसाहत सापडली. चार वर्षांत तिच्यात रोग शिरला. १९८७ पर्यंत उरलेले सगळे, म्हणजे फक्त अठरा, पकडून आणले. त्यांतल्या सातांचाच वंश पुढे चालला. त्या सातांपासून हजारो पिल्लं झाली आणि १९९१ पासून ती माळरानात सोडली जात आहेत. आज रानात काही शेकडा आहेत. प्रश्न सुटला असं तिथलं कुणी म्हणत नाही, पण प्राणी आहे.

तिसरा ऑस्ट्रेलियातला बँडिकूट, सशाहून लहान, नाकाने माती उकरणारा. व्हिक्टोरिया राज्यात कोल्ह्यांनी आणि शेतीने तो संपवला. पैदास झाली, पण कोल्हे काही हटेनात. मग तो कुंपणं घातलेल्या जागांत आणि कोल्हे नसलेल्या बेटांवर सोडला, आणि काही ठिकाणी राखणीला धनगरी कुत्रेसुद्धा ठेवले. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने त्याचं नाव ‘रानातून नामशेष’ या यादीतून काढून ‘संकटग्रस्त’ यादीत घातलं.

आपल्या कोकणातल्या कुठल्या प्राण्यासाठी असं काम चालू आहे?

खास कोकणासाठी नाही, पण आपल्याकडे असलेल्या तीन प्राण्यांवर देशात काम झालं आहे.

पिसोरी. काही भागांत पिसई म्हणतात. दोन ते चार किलोचं, अंगावर पांढरे ठिपके-पट्टे असलेलं. हरीण म्हणतात खरं, पण त्याला शिंगं नसतात. नराला वरचे सुळे असतात. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयाने सीसीएमबी या संशोधन संस्थेबरोबर २०१० मध्ये त्याची पैदास हाती घेतली. मोजक्या जनावरांपासून संख्या शेकड्यांवर गेली. मादीला हात न लावता नुसत्या लेंड्यांतून संप्रेरकं तपासून ती माजावर कधी आहे, गाभण आहे का, हे ओळखायची पद्धत तिथे उपयोगी पडली. २०१७ मध्ये तेलंगणातल्या अमराबाद व्याघ्र प्रकल्पात आठ पिसोरी सोडल्या. पिसोरी जगाच्या यादीत संकटग्रस्त नाही, पण कित्येक रानांतून ती पार गेली आहे, आणि जिथून गेली तिथे परत नेणं हेही मोलाचं काम आहे.

वाघाटी, म्हणजे जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली वाघाटी दीड किलोच्या आसपास. तिच्यासाठी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पैदास केंद्र आहे.

आणि खवले मांजर. ओडिशात भुवनेश्वरजवळच्या नंदनकाननमध्ये २००९ पासून त्याचं पैदास केंद्र आहे. तिथे पिल्लंही जन्मली आहेत.

खवले मांजराची पैदास एवढी अवघड का?

कारण त्याचं पोट भरणं अवघड. रानात ते मुंग्या आणि वाळवी यांच्यावरच जगतं. दात नाहीत, लांब चिकट जीभ वारुळात घालायची आणि ओढायची. एकेका जनावरासाठी रोज एवढ्या मुंग्या आणणार कुठून? म्हणून बदली खाणं शोधावं लागतं. आंब्या-काजूवर पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या, त्यांची अंडी, वाळवी, आणि जोडीला दूध-अंड्याचं मिश्रण. प्रमाण जरा चुकलं की पोट बिघडतं. शिवाय ते जनावर भित्रं आहे, ताण घेतं, आणि ताणाने मरतं. जगातल्या अनेक संग्रहालयांत आणलेली खवले मांजरं फार दिवस टिकली नाहीत.

त्यात मादी एका खेपेला बहुधा एकच पिल्लू देते, आणि ते आईच्या शेपटीवर बसून फिरतं. फेरेट, डुक्कर यांच्यासारखा वेग इथे नाही. म्हणून मी ठामपणे म्हणते की कोकणातल्या खवले मांजराचं भवितव्य कुठल्याही पैदास केंद्रात नाही. ते आपल्या सड्यावर आणि देवराईत आहे.

वेळासला कासवांची अंडी कुंपणात ठेवतात आणि पिल्लं समुद्रात सोडतात. तसंच इथे का करत नाहीत?

वेळासचं काम मला फार जवळचं आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे सुरुवात केली आणि गावाने ते आपलं मानलं. पण ती पैदास नव्हे. कासवीण स्वतः रानातली, अंडी रानातली. आपण ती फक्त कोल्ह्या-कुत्र्यांपासून आणि चोरांपासून दीड-दोन महिने राखतो. पिल्लू वाळूतून वर आलं की कुणी न शिकवता पाण्याकडे धावतं. त्याने आईचं तोंडही पाहिलेलं नसतं.

सस्तन प्राण्याचं पिल्लू तसं नसतं. ते दूध पितं, आईच्या मागे फिरतं. काय खायचं, कुठल्या वासाला पळायचं, पावसात कुठे दडायचं, यातलं बरंचसं ते तिच्याकडून घेतं. ज्या आईने स्वतः कधी रान पाहिलं नाही, ती काय शिकवणार? सगळी अडचण इथे आहे.

मग पिंजऱ्यात जन्मलेलं पिल्लू रानात जगायला कसं शिकतं?

यावर जगाने चुका करत करत शिकून घेतलं आहे.

ब्राझीलच्या किनारी जंगलात गोल्डन लायन टॅमरिन नावाचं सोनेरी आयाळीचं माकड आहे, आपल्या शेकरूपेक्षाही लहान. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रानात अवघी काहीशे उरली होती. १९८४ पासून जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतली माकडं तिथे नेऊन सोडायला लागले. पहिल्या खेपेला काय झालं? त्यांना फळ कसं शोधायचं ते कळेना. लवचीक फांदीवर पाय टाकायचा सराव नव्हता, कारण पिंजऱ्यातली काठी कधी हलतच नव्हती. ती पडायची, वाट चुकायची. आधी पिंजऱ्यात दिलेल्या प्रशिक्षणाचा फारसा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो सोडल्यावर महिनोन् महिने त्यांच्या मागे राहून खाणं ठेवण्याचा, निवारा देण्याचा. आणि त्यांची रानात जन्मलेली पिल्लं आईबापांपेक्षा कितीतरी सरस निघाली. एक पिढी हात धरून पार करायची, पुढची आपली आपण चालते. २००३ मध्ये हे माकड ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून एक पायरी वर आलं.

फेरेटच्या बाबतीत उलट अनुभव आला. तो प्रेअरी डॉग या बिळात राहणाऱ्या, खारीच्या कुळातल्या प्राण्यावर जगतो. सोडण्याआधी त्याला खऱ्या बिळांच्या मोठ्या उघड्या आवारात ठेवलं, शिकार करू दिली, तर बाहेर गेल्यावर तो जास्त टिकतो. पिग्मी हॉगलाही काही महिने अशाच गवताळ आवारात ठेवतात, माणसाचा वावर कमीत कमी, खाणं हळूहळू कमी, म्हणजे ते स्वतः माती उकरायला लागतं.

याला जाणकार ‘सौम्य सुटका’ म्हणतात. सून घरात आली की पहिल्या दिवशीच तिच्यावर अख्खं घर टाकत नाहीत, तसंच हे.

सोडलेल्यांपैकी किती जगतात?

सगळे नाही. पहिल्या काही आठवड्यांतच पुष्कळ जातात. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयाने २००३ मध्ये दोन तांबड्या पांडा माद्या सिंगालीलाच्या जंगलात सोडल्या. एक शिकारी प्राण्याच्या तोंडी गेली. दुसरीला रानात पिल्लं झाली. हे ऐकून शाळेतली मुलं गप्प होतात, मग कुणीतरी हळूच विचारतं, “दुसरी जगली ना पण?” त्या मुलांना मी कधी अर्धंच सांगत नाही. दार्जिलिंगने काम थांबवलं नाही, आणि अलीकडच्या वर्षांत तिथून आणखी पांडा रानात गेले आहेत.

सहा-सात जनावरांपासून शेकडो करायचे म्हणजे सगळे भाऊबहीणच की. त्यांचा वंश दुबळा होणार नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्या आजी गोत्र बघितल्याशिवाय सोयरीक न जुळवणाऱ्या घरातल्या होत्या, आणि त्यांनी नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं.

प्रत्येक पैदास कार्यक्रमात वंशावळीची नोंदवही असते. कोण कुणाचं पिल्लू, कुणाचं रक्त पुढे जास्त गेलं, कुणाचं कमी, हे सगळं त्यात असतं. ज्याचे नातेवाईक सगळ्यात कमी, त्याला जोडीदार आधी. जे नर-मादी सहज जमतात त्यांचीच पिल्लं वाढवत गेलं तर संख्या फुगते आणि आतून वंश पोकळ होतो. त्यात लहान प्राण्यांच्या पिढ्या भराभर बदलतात. पिंजऱ्यात वाढलेल्या प्रत्येक पिढीबरोबर ते थोडे पिंजऱ्याचे होत जातात: धीट, माणसाळलेले, सुस्त. म्हणून पैदास जितकी लवकर आटपून रानात जाता येईल तितकं चांगलं.

क्लोनिंग करून हे सुटणार नाही का?

थोडी मदत होते. एका फेरेट मादीच्या पेशी १९८८ मध्ये गोठवून ठेवल्या होत्या. तिचा वंश पुढे चालला नव्हता. त्या पेशींपासून डिसेंबर २०२० मध्ये एलिझाबेथ ॲन नावाची फेरेट जन्माला आली. तशाच दुसऱ्या क्लोन मादीला २०२४ मध्ये पिल्लं झाली. हरवलेलं रक्त वंशात परत आलं. पण तोडलेली देवराई कुठल्याही प्रयोगशाळेत गोठवून ठेवलेली नाही.

रोगाची भीती एवढी का घालतात?

कारण रोगाने आधी घात केला आहे. फेरेटच्या शेवटच्या वसाहतीत डिस्टेंपर शिरला, जो कुत्र्यांना होतो, आणि शिवाय प्लेग. त्याआधी पकडलेले काही फेरेट तर डिस्टेंपरची लस टोचल्यामुळेच दगावले होते. पाळीव प्राण्यांना चालणारी लस त्यांना चालली नाही. ब्राझीलच्या त्या माकडांवर २०१७-१८ मध्ये पीतज्वराची साथ आली आणि एक तृतीयांशच्या आसपास संख्या घटली. आसाममध्ये २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर आला तेव्हा पिग्मी हॉगच्या केंद्रावर किती कडक पहारा ठेवावा लागला असेल याची कल्पना करा.

गावाला यातून घेण्यासारखं एवढंच: कुत्र्यांना लस द्या, आणि रात्री त्यांना रानात मोकळं सोडू नका. कुत्र्याचा रोग वाघाटीपर्यंत पोचायला एक ओहोळ ओलांडावा लागतो.

दुसऱ्या राज्यात जप्त केलेलं खवले मांजर आपल्याकडे सोडलं तर?

नको. ते कुठल्या वंशाचं, कुठला आजार घेऊन आलेलं, हे तपासल्याशिवाय नको. सापडलेलं जनावर तपासून, शक्य तितकं सापडल्या जागेच्या जवळच सोडायचं.

शेकरूची पैदास का करत नाहीत?

गरज नाही. त्याला सलग झाडी हवी, एका फांदीवरून दुसरीवर जाता येईल अशी. ती राखली की शेकरू आपलं आपण वाढतं.

पिल्लू सापडलं तर घरी वाढवून मोठं झाल्यावर सोडू का?

तुमची माया मला कळते. वादळात झाड पडलं आणि शेकरूचं पिल्लू अंगणात आलं, कौलातून कांडेचोराचं पिल्लू पडलं, भात कापताना वाघाटीची पिल्लं दिसली, तर कुणाचंही काळीज हलेल. पण घरी नेऊ नका. बहुतेक वेळा आई जवळच असते आणि अंधार पडल्यावर परत येते. पिल्लू त्याच जागी, कुत्र्या-मांजरांपासून आडोशाला ठेवा आणि लांब जा. गाईचं दूध पाजू नका. त्याने जुलाब होऊन पिल्लं मरतात, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका वाडीत कापसाच्या बोळ्याने दूध पाजून तीन दिवस जिवापाड जपलेलं पिल्लू चौथ्या दिवशी गेलं. त्या घरातली मुलगी किती रडली होती.

वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. आणि हेही लक्षात ठेवा: खवले मांजर, पिसोरी, वाघाटी हे कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते पाळणं, मारणं, त्यांचे अवयव विकणं याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. खवल्यांत औषध काही नाही. आपल्या नखांत जे केराटिन असतं तेच त्यात असतं.

मग गावाने नेमकं करायचं काय?

फासक्या काढा. रानडुकरासाठी लावलेली तार डुक्कर आणि खवले मांजर यांत फरक करत नाही. पिकाचं नुकसान खरं आहे, त्याची भरपाई मागायला मी तुमच्याबरोबर वनखात्यात यायला तयार आहे, पण तार काढा. भाजावळ करताना भोवती पट्टा साफ करून पाणी जवळ ठेवा, आणि एका वेळी एकाच माणसावर सोपवून निघून जाऊ नका. बागेतलं एखादं वारूळ राहू द्या. कलमांना त्याने काही होत नाही असं मी म्हणणार नाही, पण बांधावरचं, गडग्याकडेचं तरी राखा.

आणि देवळाची मदत घ्या. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने २०२० मध्ये खवले मांजराचा उत्सव केला, त्याची प्रतिकृती पालखीत बसवून मिरवली. ग्रामदेवतेपुढे ज्या जिवाचं नाव निघालं, त्याला हात लावताना आमच्याकडचा माणूस दहा वेळा विचार करतो. तुमच्या गावाला हे करायचं असेल तर शिमग्याच्या आधी मानकऱ्यांशी बोलून घ्या. नंतर कुणाला वेळ नसतो.